समीक्षकाचे मानसशास्त्र : लेव विगॉट्स्की आणि अंतर्भाषणाची संकल्पना

१

'मानसशास्त्रीय समीक्षा' हा शब्दप्रयोग मराठीत केला जातो, तेव्हा त्यामागे बहुधा फ्रॉइड, ॲडलर आणि युंग ही तीन नावे गृहीत धरलेली असतात. मनोविश्लेषणाने साहित्यसमीक्षेला एक परिभाषा दिली. दमन, गंड, आदिबंध, सामूहिक नेणीव हे शब्द आता समीक्षेच्या नित्य व्यवहारात रुळले आहेत. परंतु या व्यवहाराचे स्वरूप तपासून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. येथे मानसशास्त्र हा देणारा पक्ष आहे आणि साहित्य हा घेणारा. मनाविषयीचे सिद्धान्त चिकित्सालयात किंवा प्रयोगशाळेत सिद्ध व्हावयाचे आणि मग कादंबरीतील पात्रावर, कवीच्या चरित्रावर किंवा वाचकाच्या प्रतिसादावर ते लावून दाखवावयाचे, अशी ही रीत आहे. साहित्यकृती त्यात उदाहरण म्हणून येते, पुरावा म्हणून क्वचितच येते.

या रीतीला एक महत्त्वाचा अपवाद म्हणजे लेव सेम्योनोविच विगॉट्स्की (१८९६-१९३४) हा रशियन मानसशास्त्रज्ञ. आपल्याकडे त्याचे नाव शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून पोचले आहे. 'निकट विकासक्षेत्रा'ची त्याची संकल्पना अध्यापक-विद्यालयांतील विद्यार्थ्यांना ठाऊक असते. मात्र हा विचारवंत मुळात साहित्यसमीक्षक होता, त्याचा पहिला मोठा अभ्यास 'हॅम्लेट'वर होता, त्याचा प्रबंध कलेच्या मानसशास्त्रावर होता, आणि त्याच्या अखेरच्या ग्रंथातील सर्वांत मौलिक प्रकरण तॉल्स्तॉय, दोस्तोयेव्हस्की, गोगोल यांच्या आधारावर उभे आहे, ही बाजू बहुतेक अनुल्लेखित राहते. समीक्षेतून मानसशास्त्राकडे झालेला हा प्रवास इतिहासक्रमाने पाहणे, आणि त्यातून निघालेल्या 'अंतर्भाषण' या संकल्पनेमुळे 'संज्ञाप्रवाह' या आपल्या परिचित कल्पनेची फेरतपासणी कशी अटळ होते हे दाखविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

विगॉट्स्कीचा जन्म बेलारूसमधील ओर्शा या गावी एका ज्यू कुटुंबात झाला आणि त्याचे बालपण गोमेल या शहरात गेले. झारशाहीच्या काळात विद्यापीठांमधील ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित होती. १९१३ साली तो मॉस्को विद्यापीठात दाखल झाला तो या मर्यादेच्या आत, चिठ्ठ्या टाकून झालेल्या निवडीतून. प्रथम त्याने वैद्यकासाठी नाव नोंदविले व लवकरच तो कायद्याकडे वळला. पण त्याचे मन साहित्यात व तत्त्वज्ञानात होते. त्यामुळे त्याच काळात तो शान्याव्हस्की लोकविद्यापीठ या खाजगी संस्थेतही शिकू लागला. तेथेच १९१६ च्या सुमारास त्याने 'हॅम्लेट'वरील आपला विस्तृत निबंध पूर्ण केला. या निबंधात त्याने स्वतःच्या भूमिकेला 'वाचकाची समीक्षा' असे नाव दिले आहे. लेखकाचा हेतू, त्याचे चरित्र किंवा पूर्वसूरींची मते यांच्याशी बांधील न राहता, कृती वाचकाला जशी जाणवते तशी ती मांडणे, हे अशा समीक्षेचे काम, असे विशीच्या आतबाहेर असलेल्या या तरुणाचे म्हणणे होते. निबंधाचा सूर प्रतीकवादी आहे आणि काहीसा गूढही.

१९१७ साली तो गोमेलला परतला. पुढची सहासात वर्षे त्याने तेथे साहित्य शिकविले, स्थानिक वृत्तपत्रांत नाट्यपरीक्षणे लिहिली आणि अध्यापक-विद्यालयात मानसशास्त्राची एक लहानशी प्रयोगशाळा सुरू केली. याच काळात क्षयाने त्याला गाठले. जानेवारी १९२४ मध्ये पेत्रोग्राद येथे भरलेल्या मज्जा-मानसशास्त्र परिषदेत त्याने भाषण केले आणि त्या भाषणामुळे त्याला मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेत बोलावण्यात आले. प्रतिक्षिप्त क्रियांच्या विज्ञानाने जाणिवेचा प्रश्न टाळून चालणार नाही, हा त्याच्या प्रतिपादनाचा गाभा होता. पावलोव्हच्या प्रभावाखाली असलेल्या वातावरणात जाणिवेचा आग्रह धरणारा हा माणूस साहित्याच्या वर्गातून आलेला होता, ही गोष्ट योगायोगाची म्हणून सोडून देता येत नाही.

३

मॉस्कोत आल्यानंतर त्याने 'कलेचे मानसशास्त्र' हा प्रबंध १९२५ साली सादर केला. प्रकृती बिघडल्यामुळे त्याला प्रबंधाच्या मौखिक परीक्षेतून सूट देण्यात आली. हा ग्रंथ त्याच्या हयातीत छापला गेला नाही. रशियनमध्ये तो १९६५ साली आणि इंग्रजीत १९७१ साली आला. म्हणजे ज्या काळात रिचर्ड्झचे 'साहित्यसमीक्षेची तत्त्वे' (१९२४) हे पुस्तक इंग्रजी वाचणाऱ्या जगात चर्चिले जात होते, त्याच काळात लिहिलेला हा समांतर प्रयत्न चाळीस वर्षे हस्तलिखितात पडून होता.

या ग्रंथाची भूमिका दोन आघाड्यांवर लढणारी आहे. एका बाजूला मनोविश्लेषण कलाकृतीचा उगम कलावंताच्या नेणिवेत शोधते. विगॉट्स्की नेणिवेचे महत्त्व नाकारत नाही. परंतु अशा स्पष्टीकरणात कलाकृतीचे रूप निव्वळ वरचे आवरण ठरते, आणि अमुक आशयाला हेच रूप का मिळाले याचे उत्तर मिळत नाही, असा त्याचा आक्षेप आहे. दुसऱ्या बाजूला रशियन रूपवादी आहेत. श्क्लोव्हस्कीने १९१७ साली 'कला म्हणजे तंत्र' असे घोषित केले होते. रूपवाद्यांनी केलेला कथाद्रव्य आणि संविधानक यांतील भेद विगॉट्स्की कृतज्ञतेने स्वीकारतो. पण तंत्र हे कशासाठी, कोणत्या परिणामासाठी, हा प्रश्न रूपवादी अनुत्तरित ठेवतात. परिणामाचा प्रश्न आला की मानसशास्त्र आलेच. ते टाळून मांडलेल्या रूपवादालाही नकळत एक मानसशास्त्र पत्करावे लागते, आणि तेही फार जुनाट, असे तो दाखवून देतो.

यातून त्याने जी पद्धती सुचविली ती आजही विचारात घेण्याजोगी आहे. लेखकाचे मन आपल्याला उपलब्ध नसते. वाचकाच्या आत्मनिवेदनावर विसंबता येत नाही, कारण आपल्याला काय झाले हे वाचकालाच नीट सांगता येत नाही. उपलब्ध असते ती फक्त कृती. ही कृती म्हणजे विशिष्ट भावप्रतिसाद घडवून आणण्यासाठी हेतुपुरस्सर रचलेली चेतकांची व्यवस्था आहे असे मानून, तिच्या रचनेवरून त्या प्रतिसादाची रचना अनुमानाने उभी करावयाची. म्हणजे मानसशास्त्रज्ञाने समीक्षकाचे काम आधी करावयाचे. संहितेचे सूक्ष्म वाचन हाच त्याचा प्रयोग.

या पद्धतीचे उत्तम उदाहरण म्हणजे इव्हान बूनिनच्या 'हलका श्वास' या १९१६ सालच्या कथेचे त्याने केलेले विश्लेषण. कथेचे द्रव्य असे : ओल्या मेश्चेर्स्काया ही शाळकरी मुलगी वडिलांच्या मित्राच्या वासनेला बळी पडते, पुढे एका कॉसॅक अधिकाऱ्याशी तिचे संबंध येतात आणि तो तिला रेल्वेच्या फलाटावर गोळी घालून ठार करतो. एवढेच सांगितले तर ही एका लहान गावातील गढूळ आयुष्याची हकीकत ठरते. बूनिन मात्र घटनांचा कालक्रम मोडतो. कथा कबरीपासून सुरू होते. त्यामुळे 'पुढे काय होणार' हा ताण आरंभीच संपतो आणि वाचकाचे लक्ष वेगळ्या दिशेला जाते. खुनाची घटना एका लांबलचक वाक्याच्या मध्यावर, इतर तपशिलांच्या गर्दीत, जवळजवळ दडवून सांगितली आहे. ओल्याने आपल्या मैत्रिणीला स्त्रीसौंदर्याची लक्षणे सांगताना उच्चारलेला 'हलका श्वास' हा तपशील मात्र अगदी शेवटी येतो आणि तोच कथेचे नाव होतो. परिणामी, जड आणि गढूळ द्रव्यातून हलकेपणाचा अनुभव निर्माण होतो. द्रव्य एका दिशेने ओढते, रूप दुसऱ्या दिशेने. या विरोधातून दोन्ही भावनांचे जे शमन होते त्याला विगॉट्स्की ॲरिस्टॉटलचा शब्द वापरून 'कॅथार्सिस' म्हणतो. वाचताना होणाऱ्या श्वसनाच्या नोंदीही त्याने यंत्राने घेतल्या होत्या. पण त्याच्या प्रतिपादनाचे बळ त्या नोंदींत नसून वाक्यरचनेच्या निरीक्षणात आहे.

याच ग्रंथात तो पुन्हा 'हॅम्लेट'कडे वळतो आणि येथे त्याच्या विचारातील स्थित्यंतर स्पष्ट दिसते. हॅम्लेट सूड घेण्यास विलंब का लावतो, हा समीक्षेचा जुना प्रश्न. फ्रॉइडने 'स्वप्नमीमांसे'त ईडिपस गंडाच्या साहाय्याने त्याचे उत्तर दिले आणि अर्नेस्ट जोन्सने त्याचा विस्तार केला. विगॉट्स्की म्हणतो की प्रश्नच चुकीच्या ठिकाणी विचारला जात आहे. हॅम्लेट विलंब का लावतो हे न विचारता शेक्सपिअर त्याला विलंब का लावावयास लावतो, हे विचारले पाहिजे. पात्राला मन नसते. असते ती नाटककाराची रचना आणि तिच्यामुळे प्रेक्षकाच्या मनात घडणारी प्रक्रिया. पात्राचे मनोविश्लेषण करण्यास नकार देणारा हा लेखक मानसशास्त्रज्ञ होता, याकडे मानसशास्त्रीय समीक्षा करणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे.

अर्थात या उपपत्तीत अडचणीही आहेत. रूपाने द्रव्याचा पराभव होतो हे सूत्र बूनिनच्या कथेला जितके चपखल बसते तितके प्रत्येक कृतीला बसेलच असे नाही. शिवाय ओल्याच्या वाट्याला आलेले अत्याचार आणि मृत्यू हे निव्वळ 'द्रव्य' मानून त्यांचे हलकेपणात झालेले रूपांतर हेच कलेचे यश मानावे काय, हा नैतिक प्रश्न विगॉट्स्की विचारत नाही. आजच्या वाचकाला तो विचारल्यावाचून राहवणार नाही. परंतु हा प्रश्न नेमकेपणाने विचारता येतो तोही त्याने केलेल्या विश्लेषणामुळेच.

४

१९२५ नंतर विगॉट्स्कीने उघडपणे साहित्यावर फारसे लिहिले नाही. शारीरिक व बौद्धिक व्यंग असलेल्या मुलांचे शिक्षण, स्मृती व अवधान यांचा विकास, संकल्पनांची घडण हे त्याचे विषय झाले. अलेक्सान्द्र लुरिया व अलेक्सेई लिओंत्येव्ह यांच्यासह त्याने मानवी मनाचा सांस्कृतिक-ऐतिहासिक सिद्धान्त मांडला. माणूस जसा हत्यारांनी निसर्गावर काम करतो, तसा तो चिन्हांनी स्वतःच्या मनावर काम करतो. उच्चतर मानसिक क्रिया प्रथम माणसा-माणसांमध्ये घडतात व नंतर त्या माणसाच्या आत जातात, हे या सिद्धान्ताचे सार. या चिन्हांत सर्वांत प्रभावी चिन्ह म्हणजे शब्द. म्हणून साहित्य सोडूनही भाषेचा प्रश्न त्याला सोडता आला नाही. तो प्रश्न अखेरीस 'विचारक्रिया आणि भाषण' या ग्रंथात पूर्णत्वास गेला. या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण त्याने आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत सिद्ध केले. ११ जून १९३४ रोजी वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. ग्रंथ त्यानंतर त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

या प्रकरणाचा आरंभ ज्याँ पियाजे याच्याशी झालेल्या वादातून होतो. लहान मूल खेळताना स्वतःशीच मोठ्याने बोलते. ते कोणाला उद्देशून नसते, कोणी ऐकते की नाही याची त्याला पर्वा नसते. पियाजेने १९२३ साली याला 'आत्मकेंद्री भाषण' म्हटले. त्याच्या मते मूल अजून सामाजिक झालेले नसल्याची ही खूण आहे आणि सामाजिक भाषण विकसित झाले की हे बोलणे गळून पडते. विगॉट्स्कीने नेमकी उलट भूमिका घेतली. मूल आरंभापासून सामाजिकच असते. आत्मकेंद्री भाषण म्हणजे इतरांशी बोलण्याची क्रिया स्वतःकडे वळल्याची अवस्था. ते गळून पडत नाही, आत जाते. प्रौढ माणसाचे मनातल्या मनात चालणारे बोलणे हे त्याचेच पुढचे रूप होय.

यासाठी त्याने केलेले प्रयोग साधे आणि मार्मिक आहेत. चित्र काढताना मुलाला हवी ती पेन्सिल किंवा कागद मिळू नये अशी अडचण मुद्दाम निर्माण केली, तेव्हा त्याच्या आत्मकेंद्री बोलण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. म्हणजे हे बोलणे निरर्थक सोबत करणारे नव्हते, तर अडचण सोडविण्याचे साधन होते. साडेपाच वर्षांचा एक मुलगा ट्रामचे चित्र काढत असता पेन्सिलीचे टोक मोडले. 'मोडली' असे पुटपुटून त्याने रंग हाती घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम काढली. स्वतःशी उच्चारलेल्या एका शब्दाने चित्राचा विषय बदलला. दुसऱ्या प्रयोगमालेत मुलाला बहिऱ्या-मुक्या मुलांत किंवा परभाषक मुलांत ठेवले, अनोळखी मुलांत बसविले, अथवा शेजारी मोठा गोंगाट केला. आत्मकेंद्री भाषण हे असामाजिक असते, तर आपले कोणाला समजते आहे हा भास नाहीसा झाल्यावर ते वाढावयास हवे होते. प्रत्यक्षात ते झपाट्याने घटले. आपले बोलणे कोणीतरी समजून घेत आहे, या विश्वासावरच ते उभे होते.

यानंतर प्रश्न येतो तो आत गेलेल्या भाषणाचे स्वरूप कसे असते हा. ते ऐकू येत नाही, नोंदविता येत नाही. वॉटसनसारख्या वर्तनवाद्याने ते केवळ आवाज वजा केलेले भाषण मानले होते. विगॉट्स्कीच्या मते त्याचे व्याकरणच वेगळे आहे, आणि ते व्याकरण समजून घेण्यासाठी तो साहित्याकडे येतो.

अंतर्भाषणाचे पहिले लक्षण म्हणजे विधेयात्मकता. आपण कशाविषयी विचार करीत आहोत हे आपल्याला ठाऊकच असते, म्हणून उद्देश्य गळते व विधेय तेवढे उरते. एकमेकांची मने जाणणाऱ्या माणसांच्या बोलण्यातही असेच घडते. 'ॲना कॅरेनिना'तील किटी आणि लेव्हिन खडूने शब्दांची केवळ आद्याक्षरे लिहितात आणि संपूर्ण वाक्ये समजून घेतात, हा त्याचा दाखला. दुसरा दाखला दोस्तोयेव्हस्कीच्या रोजनिशीवजा लेखनातला. सहा मद्यपी कामगार एकच अर्वाच्य शब्द आळीपाळीने निरनिराळ्या स्वरांत उच्चारतात आणि एक सबंध संभाषण पार पडते. हे दाखले विगॉट्स्कीने प्रथम शोधलेले नव्हेत. रूपवाद्यांच्या वर्तुळातील भाषावैज्ञानिक लेव याकुबिन्स्की याने १९२३ साली संवादरूप भाषणावरील निबंधात ते दिले होते, आणि दोस्तोयेव्हस्कीचा उतारा व्होलोशिनोव्हच्या १९२९ सालच्या भाषाविषयक ग्रंथातही येतो. विगॉट्स्कीने केलेली भर अशी की, दोन माणसांमधील संवादात अपवादाने घडणारा हा संक्षेप, एकाच माणसाच्या आतील संवादात नियम म्हणून घडतो.

दुसरे लक्षण म्हणजे शब्दाच्या अर्थावर आशयाची कुरघोडी. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ फ्रेदेरिक पोलाँ याने केलेला हा भेद विगॉट्स्की स्वीकारतो. कोशातला अर्थ स्थिर असतो. आशय म्हणजे त्या शब्दाने संदर्भातून गोळा केलेले सर्व काही. अंतर्भाषणात एक शब्द इतक्या आशयाने भरतो की तो बाहेर उलगडण्यास कितीतरी वाक्ये लागतात. याचे उदाहरण त्याने साहित्यकृतींच्या नावांतून दिले आहे. गोगोलच्या कादंबरीच्या आरंभी 'मृत आत्मे' म्हणजे मेलेले पण सरकारी नोंदीतून अजून न काढलेले भूदास. कादंबरी पुढे सरकते तसा हा शब्दप्रयोग एकेका जमीनदाराला, एकेका व्यवहाराला स्पर्श करीत जातो, आणि अखेरीस जिवंत असूनही मृत असलेले सारेच त्यात सामावतात. डॉन किहोटे, हॅम्लेट ही आरंभी केवळ विशेषनामे असतात. कृती संपता संपता एकेका नावात संपूर्ण कृती साठलेली असते. पूर्वी बूनिनच्या कथेतील शीर्षकाचे कार्य उलगडणारा समीक्षक येथे मानसशास्त्रज्ञाच्या भाषेत बोलत आहे, हे सहज ओळखू येते.

प्रकरणाच्या शेवटी तो एक पायरी आणखी खाली उतरतो. शब्दांच्या मागे विचार, आणि विचाराच्या मागे प्रेरणा. स्तानिस्लाव्हस्की नटांना ग्रिबोयेदोव्हच्या नाटकातील प्रत्येक उक्तीमागे पात्राची कोणती इच्छा आहे हे लिहून देत असे, त्याचा दाखला देऊन विगॉट्स्की म्हणतो की, दुसऱ्याचे बोलणे समजून घेणे म्हणजे त्यामागची इच्छा समजणे. त्याशिवाय शब्द कळतात, माणूस कळत नाही. या प्रकरणाच्या शिरोभागी मांडेलश्टामच्या कवितेतील ओळी आहेत. विगॉट्स्कीच्या मृत्यूपूर्वी महिनाभर, मे १९३४ मध्ये, मांडेलश्टामला अटक झाली होती. पुढे १९३६ साली बालविकासविज्ञानाच्या तत्कालीन शाखेविरुद्ध सरकारी हुकूम निघाला आणि विगॉट्स्कीचे लेखन दोन दशके पुनर्मुद्रित झाले नाही. ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९५६ सालची. १९६२ चे इंग्रजी भाषांतर बरेच संक्षिप्त होते. त्याच्या शीर्षकात 'विचार आणि भाषा' असे शब्द आले आणि क्रिया सुचविणाऱ्या मूळ नामांची जागा स्थिर नामांनी घेतली. ग्रंथाच्या प्रतिपादनाचा भर प्रक्रियेवर असल्याने हा फरक वाटतो तितका किरकोळ नाही.

५

आता 'संज्ञाप्रवाहा'कडे वळू. ही कल्पनाही मानसशास्त्राकडूनच आली. विल्यम जेम्सने १८९० साली 'मानसशास्त्राची तत्त्वे' या ग्रंथात विचाराच्या प्रवाहाचे वर्णन केले. १८९२ च्या संक्षिप्त आवृत्तीत त्याच प्रकरणाला 'संज्ञाप्रवाह' असे नाव मिळाले. जाणीव ही सुट्या कल्पनांची साखळी नसून अखंड वाहणारी गोष्ट आहे, तिला ठळक विसाव्याच्या जागा असतात तशीच पुसट संक्रमणेही असतात, असे जेम्सचे म्हणणे. १९१८ साली मे सिंक्लेअरने डॉरथी रिचर्डसनच्या कादंबऱ्यांविषयी लिहिताना हा शब्द साहित्याला लावला. जॉइसच्या 'युलिसिस'नंतर (१९२२) तो सर्वत्र रूढ झाला. मराठीत मर्ढेकरांच्या 'रात्रीचा दिवस' (१९४२) या कादंबरीच्या निमित्ताने या तंत्राची चर्चा सुरू झाली आणि ती पुढेही होत राहिली. विगॉट्स्कीचा ग्रंथ तेव्हा रशियाबाहेर फारसा कोणाच्या हाती नव्हता, त्यामुळे ही चर्चा जेम्स-जॉइस या मार्गानेच व्हावी हे स्वाभाविक होते.

परंतु या मार्गाने येताना एक गृहीतक सोबत आले. ते असे की मनाच्या आत एक कच्चा, असंस्कारित, व्यक्तिगत प्रवाह असतो. व्याकरण, विरामचिन्हे, तर्कसंगती ही समाजाने बाहेरून लादलेली बंधने होत. ती मोडली की लेखक मनाच्या अधिक जवळ जातो. यावरून मूल्यमापनाचा एक निकषही तयार झाला : संज्ञाप्रवाही लेखन जितके विस्कळित तितके ते मनाशी प्रामाणिक.

विगॉट्स्कीची उपपत्ती मान्य केली तर हे गृहीतक टिकत नाही. अंतर्भाषण तुटक असते ते कच्चे असल्यामुळे नव्हे, तर प्रदीर्घ सामाजिक व्यवहारातून पक्व झालेले असल्यामुळे. त्यात उद्देश्य नसते, कारण बोलणारा आणि ऐकणारा एकच असतो व दोघांनाही विषय ठाऊक असतो. ते वाचकापुढे जसेच्या तसे ठेवणे केवळ अवघड नव्हे, तत्त्वतः अशक्य आहे, कारण वाचक हा तो दुसरा असतो ज्याला विषय ठाऊक नाही. म्हणून कादंबरीतील कोणतेही आत्मसंभाषण ही अंतर्भाषणाची नोंद नसते. स्वतःसाठी असलेल्या भाषणाचे इतरांसाठी असलेल्या भाषणात केलेले ते रूपांतर असते. विगॉट्स्की अंतर्भाषणाकडून बाह्य भाषणाकडे येणे म्हणजे संपूर्ण पुनर्रचना मानतो, ती याच अर्थाने. मग समीक्षकाने विचारावयाचा प्रश्न बदलतो. हे लेखन मनाशी किती मिळतेजुळते आहे हे न विचारता, जे वाचकाला ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखे वागून लेखकाने वाचकाला त्या दुसऱ्याच्या जागी कसे बसविले, एकेका शब्दात आशय कसा साठवीत नेला आणि अखेरीस वाचकालाही अर्ध्या शब्दावरून पूर्ण वाक्य समजू लागावे अशी ओळख कशी निर्माण केली, हे विचारले पाहिजे. किटी आणि लेव्हिन यांच्यातील आद्याक्षरे वाचकाला कळतात, कारण तॉल्स्तॉयने आधीची शेकडो पाने त्यासाठी खर्ची घातलेली असतात.

येथे भारतीय वाचकाला वाणीच्या भेदांची आठवण होणे साहजिक आहे. भर्तृहरीने वैखरी, मध्यमा आणि पश्यन्ती असे तीन स्तर मानले. 'परा' ही चौथी वाणी काश्मिरी शैव परंपरेत जोडली गेली आणि चार वाणींची ही मांडणी आपल्या संतसाहित्याच्याही परिचयाची झाली. ध्वनी नसलेली पण क्रम असलेली मध्यमा अंतर्भाषणाशी ताडून पाहण्याचा मोह होतो. हे साम्य एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. उक्ती आतून बाहेर कशी येते, प्रेरणेपासून शब्दापर्यंतचा तिचा उतार कसा असतो, एवढेच पाहिले तर दोन्ही वर्णने एकाच दिशेने जातात. परंतु आतली वाणी मुळात येते कोठून, या प्रश्नाला दोघांची उत्तरे परस्परविरोधी आहेत. भर्तृहरीच्या दर्शनात शब्दतत्त्व हे मूळ आहे आणि वैखरी हा त्याचा आविष्कार. विगॉट्स्कीच्या मते वैखरी आधी, तीही दुसऱ्याशी बोललेली, आणि मध्यमा ही तिची आत गेलेली कमाई. पहिल्या भूमिकेत एकांत हा मूळ ठरतो, दुसऱ्या भूमिकेत तो मिळविलेला असतो. केवळ नामसाम्यावरून 'हे आपल्याकडे होतेच' असे म्हणण्याने हा मूलभूत भेद झाकला जातो.

६

विगॉट्स्कीच्या प्रतिपादनाला मर्यादा आहेत. अंतर्भाषणाविषयीची त्याची विधाने मुलांच्या उघड बोलण्यावरून आणि साहित्यातील दाखल्यांवरून केलेली अनुमाने आहेत. चित्ररूपाने, ध्वनिरूपाने किंवा देहाच्या संवेदनांतून चालणारा मनोव्यापार त्याच्या चर्चेत दुय्यम राहतो, आणि संज्ञाप्रवाही कादंबरीत तर या व्यापाराला मोठी जागा असते. नेणिवेचा प्रश्नही प्रबंधानंतर त्याने बाजूला ठेवला. त्यामुळे त्याचा विचार मनोविश्लेषणाची जागा घेऊ शकतो असे म्हणणे अतिव्याप्त होईल.

तरीही साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व दुहेरी आहे. पहिले म्हणजे, साहित्य हे मनाविषयीच्या ज्ञानाचे उदाहरण नसून त्याचे एक साधन आहे, हे त्याने कृतीने दाखविले. जे प्रयोगशाळेत ऐकू येत नव्हते त्याचे व्याकरण त्याला कादंबरीत आणि रंगभूमीवर सापडले. दुसरे म्हणजे, व्यक्तीचे अंतरंग आणि समाज यांना परस्परविरोधी मानून चाललेल्या वादाला त्याने वेगळे वळण दिले. अंतर्मुख लेखन आणि सामाजिक लेखन अशी विभागणी करून त्यांपैकी एकाची बाजू घेण्याची सवय मराठी समीक्षेलाही जडलेली आहे. माणसाचे सर्वांत खाजगी बोलणेही एके काळी कोणाशी तरी बोललेले होते, ही गोष्ट एकदा मान्य केली की त्या विभागणीचा पाया ढासळतो. मग 'अंतर्मुख' म्हणून वेगळ्या काढलेल्या कादंबऱ्यांतही कोणाकोणाचे आवाज आत जाऊन राहिले आहेत हे ऐकणे, आणि 'सामाजिक' म्हणून मिरविणाऱ्या कादंबऱ्यांतील माणसांना स्वतःशी बोलता येते की नाही हे तपासणे, ही दोन्ही कामे समीक्षकापुढे उभी राहतात.